पंचावन्न वॅटची वाफ

पोर्ट टॅल्बट
४ सप्टेंबर २०१७

प्रिय डिलिस,

आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच. फोनवरच सांगणार होतो, पण सारा जन्म पोलादाच्या भट्टीशेजारी क्रेन चालवण्यात गेला. आता फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही, आणि ऐकू येतं ते निम्मं रागावणंच असतं. त्यापेक्षा पत्र बरं.

डाव्या पायाचं दुखणं म्हणजे संधिवात नव्हे. पायाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी बंद पडत आली आहे. दोन बोटं आत्ताच निळी दिसतात. डॉक्टर वयाने तुझ्या विद्यार्थ्यांएवढा असेल. म्हणाला, "मिस्टर प्रोबर्ट, सिगरेट आणि पाय दोन्ही घरी नेता येणार नाहीत. काय ठेवायचं ते सांगा." मी हसलो. तो हसला नाही. ऑपरेशन नोव्हेंबरच्या अखेरीस आहे. त्याआधी मला एका नळीत फुंकायला लावणार. सिगरेटचा धूर छातीत असेल तर तांबडा दिवा, नसेल तर हिरवा. तांबडा लागला की ऑपरेशन पुढे गेलं, आणि पाय तोवर थांबायचा नाही. मग कापणं आलं. गुडघ्याच्या वरून.

डिलिस, मी घाबरलो. ऑल्विन गेली, मी विधुर झालो, तेव्हासुद्धा एवढा घाबरलो नव्हतो.

म्हणून बाजारातल्या त्या दुकानात गेलो, जिथून नेहमी ढग बाहेर येत असतात. तिथली कॅडी नावाची पोरगी मानेपर्यंत गोंदलेली, नाकात कडी, आणि मला पहिल्या वाक्यापासून "आजोबा". तिने मला ई-सिगरेटचं, म्हणजे धुराऐवजी वाफ ओढायचं, एक यंत्र दिलं. सिगरेटसारखं नाजूक काही नाही हं. हातात साबणाच्या वडीएवढं, पण वजनाने विटेएवढं. एक छोटा पडदा आहे, त्यावर आकडे उजळतात. अधिक-उणेची बटणं दाबून वॅट वाढवायचे-घटवायचे. वर काचेची टाकी, तिच्यात रस भरायचा, आत कापूस आणि तारेची गुंडाळी. बटण दाबलं की तार तापते आणि रसाची वाफ होते. म्हणजे काय, खिशात मावणारी भट्टीच! मी पहिल्याच दिवशी ऐंशी वॅटवर नेऊन ओढली. खोकून खोकून दुकानातल्या स्टुलावरून पडलो. सगळी पोरं टाळ्या वाजवत होती.

तीन दिवस झाले, एकही सिगरेट नाही. रस कस्टर्डच्या चवीचा आहे. आता रागाव.

तुझा,
ग्विलिम

•

ट्रेगॅरन
९ सप्टेंबर

ग्विलिम,

खुर्चीत बसून वाचलं. चांगलं झालं बसले होते.

पायाचं मला आज कळतं? आज? जुलैत तू इथे आलास, माझ्यासमोर लंगडत जिना चढलास आणि म्हणालास, बूट चावतो! बोटं निळी होईस्तोवर तू बहिणीला बुटाची गोष्ट सांगत होतास. पत्र वाचून मी ते टेबलावर ठेवलं, चहा केला आणि चहात मीठ घातलं.

आणि उपाय काय शोधलास? कस्टर्ड! अडुसष्टाव्या वर्षी, आईवडिलांनी चॅपेलच्या शिस्तीत वाढवलेला माणूस गोंदलेल्या पोरांच्या कोंडाळ्यात स्टुलावरून पडतो आणि त्याचं वर्णन बहिणीला कळवतो. इथे पाळकसाहेबांनी विचारलं, "ग्विलिम कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईने चॅपेलच्या दारात खोटं बोलावं, ही पाळी तू आणलीस.

पण सोडलीस ना, मग आता परत वळू नकोस. दिवस कसाही जातो. सकाळचा पहिला चहा संपतो आणि हाताला काय करावं कळत नाही, तो अर्धा तास वाईट. त्या वेळी उठून भांडी घास, काहीही कर.

एक विचारते. त्या वाफेचा वास येतो का रे? कपड्यांना, पडद्यांना लागतो का? शेजारीपाजारी ओळखतात का? आणि त्याहून लहान, हलकं असं काही मिळतं का, की सगळीच विटेएवढी असतात? सहज विचारलं. माणसाने माहिती ठेवावी.

डिलिस

•

पोर्ट टॅल्बट
८ ऑक्टोबर

प्रिय डिलिस,

तुझी चौकशी वाचून करमणूक झाली. शाळेतून निवृत्त झालीस तरी शिक्षण खात्याची तपासणी चालूच! घे तर मालकाचा सविस्तर अहवाल.

तीस वॅटवर ही वस्तू म्हणजे कोमट दूध. पंचाहत्तरवर कस्टर्ड करपतं आणि घशात जाळ होतो. पंचावन्न हा माझा आकडा. तिथे वाफ गरम, गोड आणि भरपूर येते. भरपूर म्हणजे इतकी की पलीकडच्या मिसेस ग्रोनोंनी खिडकीतून ढग पाहून माझ्या दारावर पाण्याची बादली आणली. टाकी गळते, माझ्या दोन पँटी चिकट झाल्या. बटण पाच वेळा दाबून कुलूप लावायचं विसरलो आणि तसाच खुर्चीत बसलो, तर बुडाखाली भट्टी पेटली. तारेची गुंडाळी पंधरवड्याने बदलावी लागते. एवढं सोडलं तर गुणी आहे. जिना आता अर्ध्यात न थांबता चढतो.

दुकानात मला मान आहे. तिथली सगळी विशीतली, मी एकटाच पेन्शनवाला. कोणता वॅट, कोणता कापूस, आता मलाच विचारतात. वासरांत लंगडी गाय शहाणी, आणि मी तर खरोखरचाच लंगडा!

लहान मिळतं का म्हणालीस. मिळतं, पेनाएवढं, दहा-बारा वॅटचं. बायका वापरतात. वासाचं म्हणशील तर सिगरेटसारखा नाही. गोडसर येतो आणि क्षणात जातो, कुणाला पत्ता लागत नाही.

तक्रार एकच. तू लिहिलेला तो चहानंतरचा अर्धा तास. अगदी नेमकं लिहिलंस. तेव्हा ही वाफ पुचाट वाटते. घसा धरत नाही. परवा मिसेस ग्रोनोंचा जावई अंगणात सिगरेट ओढत होता तर मी कुंपणाला चिकटून उभा राहिलो, नुसता वास घ्यायला. लाज वाटली. पण ओढली नाही.

तुझा,
ग्विलिम

•

ट्रेगॅरन
२९ ऑक्टोबर

ग्विलिम,

तुझं पत्र मिळालं. कुंपणापासून लांब राहा. मिसेस ग्रोनोंना सांगून त्या जावयाला मागच्या गल्लीत पाठव, नाहीतर मी पत्र लिहून सांगते.

इथे गेल्या रविवारी एक विलक्षण प्रकार घडला. प्रवचन संपलं, मी ऑर्गनवर बसले, दुसऱ्या भजनाचे सूर लावले आणि सगळ्या चॅपेलभर कस्टर्डचा वास! हळूहळू नव्हे, एकदम. पहिल्या बाकावरचे वडीलधारे माना वळवून पाहायला लागले. पोरं खिदळायला लागली. पाळकसाहेबांना वाटलं, मागच्या खोलीत बायकांनी चहापानाची तयारी लवकर सुरू केली. त्यांनी चहापानाचं बघणाऱ्या बेट्सनला बोलावून सगळ्यांदेखत विचारलं. ती बिचारी सँडविच करत होती, लालबुंद झाली. मला तर वाजवताना पायाखालची पट्टी सापडेना. देवाच्या घरात असं!

असो. सोबत आपला मनुकांचा केक, बारा ब्रिथ, पाठवते आहे, मनुका आईसारख्याच चहात रात्रभर भिजवल्या आहेत. कापडात एक बाटली गुंडाळली आहे, ती फुटली नाही ना पाहा. तुझ्या यंत्रात घालायचा रस आहे. बेट्सनच्या नातवाने आणलेला, त्याला नको झाला. थोडा वापरलेला आहे, पण चांगला आहे. कडक आहे, म्हणून थोडाच पुरेल. सरबताचं कसं, कडक असलं की थोडं घालावं. त्या चहानंतरच्या अर्ध्या तासाला घे. मात्र टाकी कोरडी पडू देऊ नकोस, जळक्या कापसाची चव दोन दोन दिवस जिभेवरून जात नाही.

नळीत फुंकायची नोव्हेंबरची वीस तारीख मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली आहे. रोज प्रार्थना करते.

डिलिस

•

पोर्ट टॅल्बट
७ नोव्हेंबर

डिलिस,

अक्षर वाकडं आहे, समजून घे.

शनिवारी क्लबात डॉमिनो खेळायला गेलो होतो. जाताना तुझी बाटली टाकीत भरली. पहिल्याच झुरक्याला घसा असा पकडला की डोळ्यांत पाणी आलं. अगदी जुन्या सिगरेटीसारखा. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी ओढतच राहिलो. पंचावन्न वॅटवर, नेहमीसारखे छाती भरून झुरके. पाच-सहा झाले असतील. मग अंगाला दरदरून घाम फुटला, थंडगार. भिंती फिरायला लागल्या. मी टेबलावर सगळ्या डॉमिनोंवर ओकलो आणि खाली पडलो. पडताना एकच मनात आलं, हृदय गेलं, पाय राहिलाच.

ॲम्ब्युलन्स आली. छातीला तारा लावल्या. रात्रभर ठेवलं. सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाली, हृदय ठणठणीत आहे, तुम्ही काय खाल्लंत? मी बारा ब्रिथ म्हणालो. देव मला क्षमा करो.

काल यंत्र आणि बाटली घेऊन कॅडीकडे गेलो. तिने बाटलीवरचा निकोटिनचा आकडा वाचला आणि नाकातल्या कडीपर्यंत पांढरी पडली. "आजोबा, तुमच्या यंत्राला तीनचा रस लागतो. हा अठराचा आहे. हा पेनात भरतात, बारीक वाफेला. तुमच्या ढगांत हा म्हणजे विष! आणि हा घेतो तरी कोण, रोजचं पाकीट संपवणारा माणूस!"

घरी आलो आणि विचार करत बसलो. बेट्सनचा नातू मला जुलैत भेटला होता. तो सहा वर्षांचा आहे, डिलिस. त्याचे पुढचे दात पडले आहेत.

मग तुझी पत्रं पुन्हा काढली. चहानंतरचा अर्धा तास. जळक्या कापसाची चव, दोन दोन दिवस. ज्याने स्वतः ओढली नाही त्याला ही चव माहीत असूच शकत नाही. आणि ते कस्टर्ड! ऑर्गनला हवा पुरवणारा पंखा मागच्या कोठडीत आहे, लहानपणी आपण तिथेच लपायचो. तो त्या कोठडीतली हवा ओढतो आणि नळ्यांतून चॅपेलभर सोडतो. प्रवचन चालू असताना त्या कोठडीत कोण बसलं होतं? मी तुला लिहिलं होतं, वासाचा पत्ता लागत नाही, आणि तू ते खरं मानलंस. अगं, तू ऑर्गनच्या नळ्यांनी अख्ख्या मंडळीला कस्टर्ड पाजलंस!

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. रोजचं पाकीट? तू? मला कुसळ दाखवत होतीस आणि स्वतःच्या डोळ्यात एवढं मुसळ? कधीपासून? तुला मी ओळखतो तरी का?

आता दुसरं, आणि हे जास्त वाईट आहे. त्या यंत्राची मला भीती बसली आहे. ते कपाटात टाकलं. काल संध्याकाळी सिगरेटचं पाकीट विकत घेतलं. समोर टेबलावर आहे. अजून फोडलेलं नाही. वीस तारखेला नळीत फुंकायचं आहे आणि मला नाही वाटत मी टिकेन.

ग्विलिम

•

ट्रेगॅरन
९ नोव्हेंबर

ग्विलिम,

ते पाकीट फोडू नकोस. आधी ते उचल, मिसेस ग्रोनोंकडे नेऊन दे, मग परत येऊन पुढचं वाच.

दिलंस?

तुझं पत्र पोस्टमनसमोरच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसले. माझ्या हाताने मी तुला विष पाठवलं. कापडात गुंडाळून, वर केक ठेवून. तू टेबलाखाली पडला होतास आणि मी इथे भजनाचे सूर लावत होते. कालपासून मी घास गिळलेला नाही. मला वाटलं कडक म्हणजे चांगलं. मी माझ्या पेनात तोच घालते, मला काही होत नाही, तुला का व्हावं? दहा वॅट आणि पंचावन्न वॅट यांत काय फरक पडतो, हे तू मला लिहून कळवलं होतंस आणि मी ते वाचलंच नाही. मी फक्त वासाचं वाचलं.

हो, मी ओढते. प्रशिक्षण महाविद्यालयात होते तेव्हापासून. शाळेत कोळशाच्या खोलीमागे, चॅपेलला दफनभूमीच्या भिंतीमागे. या गावात ऑर्गन वाजवणारी बाई सिगरेट ओढते असं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाकावर दुसरी बसली असती. माझ्याकडे दुसरं काय आहे, ग्विलिम? नवरा नाही, मुलं नाहीत, शाळा संपली. तो बाक तेवढा आहे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, तो सोडतो आहे तर मीही सोडेन आणि कुणाला कळायचंही नाही. म्हणून ॲबरिस्टविथला जाऊन पेन आणलं. पावसाळी रविवार होता, भिंतीमागे जायचा कंटाळा केला आणि कोठडीत बसले. पुढचं तुला माहीत आहेच. बेट्सनची मी माफी मागितली. का मागितली ते मात्र सांगितलं नाही.

आता माझं ऐक. कॅडीकडे जा. टाकी धुऊन घे, कापूस बदल, तीनचा रस भर आणि तिच्यासमोर तीस वॅटवर एक झुरका घे. कोमट दूध तर कोमट दूध. तू ते घेतलंस की मला कळव. माझ्यावर रागाव, ओरड, पण सिगरेट पेटवू नकोस. माझ्या मूर्खपणापायी तुझा पाय गेला तर मी कुठल्या तोंडाने जगू?

वीसला पहाटेच्या बसने येते आहे. नळीसमोर मी तुझ्या शेजारी उभी राहणार.

डिलिस

•

पोर्ट टॅल्बट
१० डिसेंबर

प्रिय डिलिस,

घरी आलो. पाय आहे! मांडीपासून घोट्यापर्यंत टाक्यांची आगगाडी आहे, पण बोटं गुलाबी आणि गरम आहेत. मी दर तासाला मोजा काढून पाहतो. नर्सना वाटलं म्हातारा खुळावला. कॅडी दवाखान्यात येऊन गेली. तिने "आजोबा" म्हणून मिठी मारली आणि बाजूच्या खाटेवरचा पास्टर दचकला.

पण मला आनंद नीट होत नाही. डोळे मिटले की वीस तारखेची ती तपासणीची खोली दिसते.

मी नळी हातात घेऊन उभा होतो आणि फुंकायचा धीर होत नव्हता. सिगरेट ओढली नव्हती, देवाशपथ, तरी वाटत होतं, तांबडा लागणार. तू म्हणालीस, "अरे, त्यात काय एवढं भ्यायचंय? आण इकडे. हे बघ, असं!" आणि नव्या नळीत फुंकलंस. तू मला धीर द्यायला फुंकलंस. आणि तो दिवा तांबडा लागला. तांबड्याच्याही वर गेला. नर्स म्हणाली, "ताई, आज सकाळी ओढली आहे का तुम्ही?" आणि तू, जिने आयुष्यात वर्गापुढे मान खाली घातली नाही, ती जमिनीकडे बघत म्हणालीस, "कार्माथेनला, बस बदलताना. याची काळजी वाटत होती म्हणून." मग तुला खोकला आला. तो खोकला मी आजवर कसा ऐकला नव्हता? मी बहिरा आहे, मान्य. पण नर्सने मान वर करून तुझ्याकडे पाहिलं, ते मला दिसलं. खोकल्यात रक्त पडतं का असं तिने विचारलं आणि तू लगेच हो किंवा नाही म्हणाली नाहीस.

माझा दिवा हिरवा लागला, पण मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

ऑपरेशननंतर तुला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. छातीचा फोटो काढलास का? डॉक्टर काय म्हणाले? पेन चालू आहे ना? सिगरेट नाही ना? एका ओळीत लिही, पण लिही. बूट चावतो म्हणून सांगू नकोस.

तुझा,
ग्विलिम

•

ट्रेगॅरन
१४ डिसेंबर

प्रिय ग्विलिम,

गुलाबी बोटांचं वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच रडले. पोटभर.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. काय लिहावं कळत नव्हतं. फोटो काढला. उजव्या फुप्फुसात सावली आहे. मग मोठ्या यंत्रातून पुन्हा काढला, तिथेही आहे. डॉक्टर म्हणाले, नळीत फुंकलं नसतंत तर वसंतापर्यंत तुम्ही खोकल्याचं औषधच घेत बसला असतात. नर्सचं पत्र त्यांच्याकडे आधीच पोचलं होतं. कापून काढता येईल का ते अजून सांगत नाहीत. त्यांचे पुढचे शब्द मला नीट ऐकूच आले नाहीत. मी त्यांच्या टायवरचे ठिपके बघत होते. घरी आले, कोट काढला आणि तशीच उभी राहिले. मला अजून खरं वाटत नाही.

सिगरेट त्या दिवसापासून नाही. पेन आहे. ते रविवारी ऑर्गनवर उघड्यावर ठेवलं होतं, ज्याला बघायचं त्याने बघितलं. ऑर्गनच्या बाकावरून मला कुणी उठवलं नाही. बेट्सन फक्त म्हणाली, "म्हणजे ती तूच होतीस!" आणि माझा हात धरून बसली.

मंगळवारी ॲबरिस्टविथला बोलावलं आहे, सगळं नीट सांगणार आहेत. सोबत कोण येणार म्हणून विचारलं. चॅपेलमधल्या चार बायका तयार आहेत. मी म्हटलं, माझा भाऊ येईल. मला ऐकायला माझ्या माणसाचे कान हवे आहेत, अर्धे चालत असले तरी. डॉक्टर परवानगी देणार नाहीत असं म्हणू नकोस, मी तुझ्या वॉर्डात विचारलं, काठी घेऊन सावकाश चाललास तर चालतं म्हणाले. मला भीती वाटते, ग्विलिम. फार भीती वाटते.

ॲबरिस्टविथच्या स्टेशनवर मी उभी असेन. दोन्ही पायांनी ये.

तुझी,
डिलिस